दोन घंटांचा कारभारी

टॅमरॅक फॉल्स, मिनेसोटा
रविवार, २९ नोव्हेंबर

ती. लव्हॉनताई यांस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे ऑर्विलचा, साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे अर्धाच घातला आहे, उरलेला मनाने पोचवावा). तुमची कंबर कशी आहे? डुलुथला सरोवरावरचं वारं सुरू झालं असेल, तेव्हा पियानोच्या शिकवण्या घेताना पाठीला शाल असू द्या. इकडे मी बरा आहे, गाडी बरी आहे, आणि आर्डिसच्या हाताविषयीच हे पत्र आहे.

तिचं उजवं मनगट मोडल्याचं तुम्हाला कळलंच आहे. पण कसं मोडलं हे तिने सांगितलं नसावं, कारण सांगितलं असतं तर तुमचा फोन मला आला असता. ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला आणि ती आमच्याच दारातल्या पायरीवरून घसरली. एकतीस वर्षं मी काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवली, लोक उठायच्या आत मैलोन्‌मैल रस्ता मोकळा करून दिला, आणि घरच्या तीन पायऱ्यांवर मीठ टाकायचं राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ती मला एका शब्दाने बोलली नाही. चार शब्द बोलली असती तर फिटंफाट झाली असती आणि पुढचं रामायण टळलं असतं.

चर्चच्या घंटावादनात आर्डिस बावीस वर्षं एफ आणि जी या दोन घंटा वाजवते आहे, हे तुम्ही जाणताच. अकरा माणसं, लांब टेबल, पांढरे हातमोजे आणि प्रत्येकाच्या वाट्याला मुठीत धरायच्या दोन घंटा. आपला स्वर आला की वाजवायचा, बाकीचा वेळ गप्प उभं राहायचं. (चव्वेचाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला हे सोपं जायला हवं होतं.) तिच्या शेजारी डी आणि ई सांभाळणारी यूनिस. प्लॅस्टर वाळायच्या आत ती ओव्हनमधून काढलेला मटार-बटाट्याचा हॉटडिश घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "आर्डिस, तू मुळीच काळजी करू नकोस. माझी सून उभी राहील तुझ्या जागी. तुला हवा तेवढा वेळ घे." आता आमच्या गावात कोणी भांडत नाही, हीच मोठी अडचण आहे. सून एकदा उभी राहिली की आर्डिस परत येऊन "नको नको, तूच राहा" म्हणणार, सून "नाही नाही, तुम्हीच या" म्हणणार, आणि असं तीनदा झालं की जागा कायमची सुनेची. मला आर्डिसचा चेहरा दिसला. मी म्हणालो, "सुनेला कशाला त्रास? मी आहे की." हॉटडिश चांगला होता, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे.

आणि मग माझ्यासमोर स्वरलिपीचा कागद आला. सुरुवातीलाच चाराखाली चार. शाळेत अपूर्णांकात माझा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून मी म्हटलं, चार छेद चार म्हणजे एक. एकदा वाजवली आणि खाली ठेवली. आमच्या संचालिका सॉल्व्हेगबाई (वय एकोणतीस, संयम नव्वदीतला) म्हणाल्या, "ऑर्विलकाका, हा अपूर्णांक नाही हो. दोन उभ्या रेघांमधल्या प्रत्येक घरात चार ठोके, एवढंच सांगतंय ते." ठीक. पुढच्या गाण्यात आठावर सहा आले. मी विचारलं की सहा छेद आठ म्हणजे तीन छेद चारच ना, मग थोडक्यात लिहायला काय झालं? त्यांनी दोन्ही ठेके टाळ्यांनी वाजवून दाखवले. एकात माणूस नाचतो, दुसऱ्यात झुलतो. फरक ऐकू आला, पण गणिताच्या बाजूने मी अजून समाधानी नाही. ताई, याचं उत्तर तुम्ही द्यावं.

त्याहून मोठी फजिती शार्पची. शार्प म्हणजे स्वर अर्धी पायरी वर आणि फ्लॅट म्हणजे अर्धी पायरी खाली, एवढं आर्डिसने जेवताना माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. पण गाण्याच्या आरंभी, एकही स्वर यायच्या आधी, शार्पची एक खूण नुसतीच टांगलेली. कोणाला चिकटलेली नाही, कोणाच्या अध्यात नाही. मला वाटलं, छापताना राहिली असेल. मी आपला साधा एफ वाजवत राहिलो, चांगला जोरात. यूनिस डोळे मिटून हसली. (आमच्याकडे डोळे मिटून हसणं ही शिवी आहे.) सॉल्व्हेगबाई म्हणाल्या की ती खूण अख्ख्या गाण्यासाठी असते, जिथे जिथे एफ येईल तिथे तिथे एफ शार्प. मी विचारलं, "मग दरवेळी लिहीत का नाहीत?" तर म्हणतात कशा, "वेगमर्यादेची पाटी तुम्ही प्रत्येक खांबाला लावत होता का?" मी साधा एफ खाली ठेवला आणि त्याच्या शेजारची एफ शार्पची वेगळी घंटा उचलली.

पुढच्या बुधवारी जी फ्लॅट आला आणि माझ्या टेबलावर जी फ्लॅटची घंटाच नव्हती. मी तालीम थांबवली. अकरा माणसांनी चर्चचं तळघर पालथं घातलं. घंटांच्या पेट्या उघडल्या, कॉफीच्या भांड्यामागे पाहिलं, घड्या घातलेल्या खुर्च्या हलवल्या. शेवटी मी यूनिसला तिची पर्स उचलायला सांगितली. हे चर्च बांधल्यापासून कोणी कोणाला असं सांगितलेलं नाही. "बघ ना ऑर्विल, बघायलाच हवं," असं म्हणून तिने पर्स नुसती उचललीच नाही, तर उघडूनही दाखवली. आत खोकल्याच्या गोळ्या होत्या. या सगळ्या वेळात एफ शार्पची घंटा मी हरवू नये म्हणून बगलेत धरली होती. सॉल्व्हेगबाईंनी ती हळूच काढून घेतली आणि मूठ उलटी केली. एका बाजूला एफ शार्प कोरलेलं, दुसऱ्या बाजूला जी फ्लॅट. काखेत कळसा आणि गावाला वळसा! एकाच घंटेला दोन नावं कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "खालून चढलात तर एक नाव, वरून उतरलात तर दुसरं. पायरी तीच." पायरीचा विषय निघाला की मी हल्ली मिठाची पिशवी शोधू लागतो. यूनिस तेव्हापासून दर तालमीला पर्स उघडी करूनच टेबलावर ठेवते.

तर ताई, तेरा डिसेंबरला नाताळचा कार्यक्रम आहे. मी चुकलो तर दुसऱ्या दिवशी सून हातमोजे घालून हजर होईल, आणि आर्डिसची बावीस वर्षं माझ्या पायरीपायी जातील. तुमचा जन्म संगीतात गेला. शनिवारच्या बसने या आणि त्या दोन घंटा तुम्ही हातात घ्या. वरची खोली गरम करून ठेवतो.

आपला नम्र,
ऑर्विल

ता. क. बसचं तिकीट काढलं नसेल तर थांबा. पत्र टाकायचं राहिलं आणि मध्ये बुधवार झाला. कालच्या तालमीत चौदाच्या चौदा एफ शार्प बरोबर वाजले. कोणीही वळून माझ्याकडे पाहिलं नाही. यूनिसने मला खोकल्याची गोळी दिली.

ता. क. २. आणखी एक, हे आपल्या दोघांतच. आर्डिसचं प्लॅस्टर सुटलंय. हात अजून दुखतो म्हणते, पण आज सकाळी भरलेली किटली तिने त्याच हाताने उचलली. मी पेपरात डोकं घातलं. तुम्ही तिच्या मोठ्या बहीण, तुमचं ती ऐकते. या वयात मनगटाला निदान ईस्टरपर्यंत विश्रांती लागते, असं तिला लिहाल का? मी सांगितलं असं लिहू नका. मला त्या दोन घंटांची सवय झाली आहे.

ता. क. ३. ताई, मी आर्डिस. पाकीट चिकटवायचं काम नेहमी माझ्याकडेच असतं, हे तो विसरला. प्लॅस्टर काढलं त्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, खुशाल वाजवा. बावीस वर्षं मी मान खाली घालून माझे दोन स्वर मोजत होते गं. आता तिसऱ्या बाकावर बसून पहिल्यांदाच अख्खं गाणं ऐकतेय. तो म्हणतो तसं पत्र मला नक्की पाठव, आणि जरा रागावून लिही. अक्षर ओळखलंस ना? उजव्याच हाताने लिहिलंय.