दोन बोटांचं तोंड

ता. ४ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. खुशाली लिहावी म्हणून बसले होते, पण जे आहे तेच लिहिते. गेले चार महिने यांचं तोंड नीट उघडत नाही. दोन बोटं कशीबशी आत जातात. घास पाण्यात कुस्करून गिळतात. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, जरा तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी येतं. विचारलं तर म्हणतात, अक्कलदाढ येतेय. मी म्हटलं, बेचाळिसाव्या वर्षी म्हणजे बराच उशीर झाला. हसले, तेही गाल धरून.

फरशी बसवायची म्हणजे दिवसभर उकिडवं बसणं, आणि गालात तंबाखूची गोळी. दुपारचा डबा तसाच परत येतो. माझं काही चालत नाही. तुम्ही त्यांना आईच्या जागी, तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. चार खडे बोल लिहा.

आनंदाची बातमी एकच. पोरीचा नर्सिंगला नंबर लागला, जूनपासून वर्ग.

माया आहेच, ती या वेळेपुरती जरा कडक करावी.

तुमची
भावजय

ता. १५ मार्च

चि. बडबड्यास,
अ. उ. आ.

तुझ्या बायकोने चहाडी केली आहे. तिच्यावर डाफरू नकोस, मीच तिला खरं लिही म्हणून बजावलं होतं. लहानपणी तुझं तोंड मिटावं म्हणून सगळी गल्ली हात जोडायची, आणि आता ते उघडत नाही म्हणे.

थट्टा पुरे. इस्त्रीच्या दुकानात माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई असते. तिच्या नवऱ्याचंही असंच चट्ट्यापासून सुरू झालं. तोही म्हणायचा, दाढ आहे. ती आता दोघांचं काम एकटी ओढते. एक दिवस बुडव आणि मोठ्या दवाखान्यात जा. गाडीभाड्याचे पैसे सोबत पाठवते.

माझ्यावर जीव असेल तर पत्राला उत्तर नको, आधी दवाखाना.

तुझी
ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शिव्या पोचल्या, गोड लागल्या.

सध्या आठ मजली इमारतीचं काम चालू आहे. मुकादमाने स्वच्छ सांगितलंय, एक खाडा झाला तर दुसरा माणूस उभा आहे. जूनमध्ये पोरीची फी भरायची. ती भरली की दुसऱ्या दिवशी दवाखाना, शब्द देतो.

पुडी सोडायची मला इच्छा नाही असं समजू नकोस. तीनदा सोडली. तिसऱ्या दिवशी हात कापायला लागतो, दोरी सरळ असून फरशी वाकडी बसते, मुकादम उखडून परत बसवायला लावतो. शिवाय खरं सांगू? पुडी जेवणापेक्षा स्वस्त पडते. गालात असली की संध्याकाळपर्यंत भूक आठवत नाही.

तू पाठवलेल्या पैशांतून पोरीला वह्या घेतल्या. रागावलीस तरी चालेल, पण अबोला धरू नकोस.

तुझा
धाकटा

ता. २१ जुलै

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

जूनच्या सुरुवातीला यांच्या गालाला आरपार भोक पडलं. तेव्हा गेले, तेही मी ओढत नेलं म्हणून. रोग हाडात शिरला होता. खालचा अर्धा जबडा काढला, जिभेचाही तुकडा गेला. नळीने पेज घालते. बोलता येत नाही, पाटीवर लिहितात.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, मार्चमध्ये आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "तेव्हा बहुतेक चट्टा काढून घरी पाठवलं असतं."

माझं शिलाई मशीन विकलं, त्याचं दुःख नाही. पण पोरीने नर्सिंगची फी भरलीच नाही. मला न सांगता ते पैसे तिने दवाखान्याच्या खिडकीत भरले. तिची जागा दुसरीला गेली. आता साबणाच्या कारखान्यात वड्या खोक्यांत भरायला जाते. यांना मागाहून कळलं. त्या दिवशी पाटीला हात लावला नाही.

अधिक लिहवत नाही. आमची आठवण असू द्या.

तुमची
भावजय

ता. ३ ऑगस्ट

चि. बडबड्यास,
अ. उ. आ.

हे पत्र मी चारदा फाडलं.

आई-बाबा खाणीवर जायचे तेव्हा मी अकराची, तू सातचा. आदल्या वर्षी बाबांचा पाय मोडून कर्ज झालं होतं, घरात दुपारचं जेवण नसायचं. तू रडून घर डोक्यावर घ्यायचास. खिळ्याला बाबांची तंबाखूची पिशवी असायची. त्यातली चिमूट मीच तुझ्या ओठाखाली ठेवली. पहिल्या दिवशी ओकलास. चार दिवसांनी गप्प झोपायला लागलास, आणि मला वाटलं, किती शहाणी मी. पुढे तू स्वतःच मागायचास, मी द्यायची.

तुला हे आठवत असेल की नाही, माहीत नाही. मला रोज आठवतं. तुला खडे बोल लिहितानाही आठवत होतं.

माफ कर असं लिहायची माझी लायकी नाही. तुला राग आला तर तोही घरचाच समजेन.

ताई

ता. ३० नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला. किरणांचे शेक चालू होते, मान वर होत नव्हती.

मला सगळं आठवतं. ओकलेलं तू फ्रॉकने पुसलंस, तेही. तू अकरा वर्षांची होतीस, आणि भुकेल्या भावाला द्यायला घरात दुसरं काही नव्हतं. पुढची पुडी मी माझ्या कमाईतून घेतली. तुझी चूक एका वर्षाची, पुढच्या सगळ्या वर्षांची माझी. माझा वाटा तू उचलू नकोस.

जुन्या मुकादमाने इमारतीच्या फाटकावर बसवलंय. नोंदवहीत आल्यागेल्याची नावं लिहायची, त्याला तोंड लागत नाही. दुपारी मजूर डबा न खाता पुडी फोडतात. मी जबड्यावरचा गळपट्टा खाली करून त्यांच्यासमोर बसतो. एकाने परवा पुडी फेकली. बाकीचे जागा बदलून बसतात.

काल पोरीसाठी नर्सिंगचा नवा अर्ज आणला. कार्यालयापर्यंत चालत गेलो, चिठ्ठी दाखवून मागितला. ती संध्याकाळी आली, बोटं साबणाने फुटलेली. अर्ज आणि पेन पुढे ठेवलं. तिने दोन्ही बाजू ओळ न् ओळ वाचल्या. घडी घालून माझ्या हातात दिला, माझ्या हनुवटीवरची लाळ पुसली आणि म्हणाली, "आता राहू दे, बाबा."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

अर्ज मी ठेवलाय. मुदत पंधरा तारखेपर्यंत आहे.

तुझे आशीर्वाद आधी तिला, उरले तर मला.

तुझा
धाकटा