मला न्हाय येत तुमचं

आई,

परवा दुधाच्या कट्ट्यावर मी जे केलं, ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. संध्याकाळी मंगळवार पेठेतले आम्ही चार-पाच म्हातारे तिथे जमतो. समोरच म्हशीची धार काढतात, फेसाळ दुधाचा पेला हातात येतो, आणि मग कुणाची तरी टिंगल सुरू होते. ती आपली नसली म्हणजे मला हायसं वाटतं आणि मी जरा जास्तच हसतो. हल्ली गवळ्याची आई आली आहे, सीमेकडची, माझ्याहून बरीच थोरली. म्हशीजवळ बसून ती लेकाशी कानडीत बोलते. आमच्यातला एक म्हणाला, "डब्यात खडं घालून हलवल्यागत वाटतंय की रं." सगळे हसले. मी नुसता हसलो असतो तरी भागलं असतं, पण मी तिची नक्कल केली. ती हुबेहूब उतरली, कारण तो सूर तुझाच होता. "आयला, तुला बरं जमतंय की," म्हणून पाठीवर थाप पडली, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

म्हातारीला ती टिंगल वाटलीच नाही. तिचा चेहरा उजळला. "याव ऊर, तम्मा?" कुठलं गाव रे बाळा, असं तिने विचारलं. नेसरीच्या पलीकडचं, कानडी मुलखातलं तुझं माहेर ओठांवर आलं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मावशी, मला न्हाय येत तुमचं."

तेव्हापासून छातीत धडधडतंय. सून म्हणते पित्त आहे. मला मात्र सातवीतला तो दिवस आठवतो. वर्गातली पोरं जेवायला येणार होती. त्यांच्यासमोर कानडी बोलू नकोस, आणि मी तुला अव्वा नाही, आईच म्हणणार, असं मी बजावलं. तू भाकरी थापत होतीस. मग मी बोलतच नाही, पोरं गेली की सांग, एवढंच म्हणालीस. पोरं गेली आणि मी त्यांच्याबरोबर खेळायला गेलो, तुला सांगायचं विसरलो. दिवेलागणीला परत आलो, तर तू अजून गप्पच होतीस.

काल मी कट्ट्यावर मुद्दाम लवकर गेलो. म्हातारीजवळ टेकलो, अव्वा म्हणालो, गाव सांगितलं. ती गुडघ्यांचं दुखणं सांगत होती, आणि विसरलो असं वाटलेले शब्द माझ्या तोंडून आपसूक येत होते. तेवढ्यात वळणावर मित्रांचे आवाज आले. मी वाक्य अर्ध्यात तोडलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोडक्या मराठीत म्हणाली, "पावणं, दूध प्या की. गार होतंय." मला सांभाळून घेतलं तिने. तुझ्यासारखंच.

आज जायचा धीर होत नाही, आणि नाही गेलो तर का आला नाहीस म्हणून विचारतील. हा कागद कुठे पाठवायचा नाही, घडी करून खिशात ठेवीन. सून समोर भाजी निवडत बसली आहे. एवढ्या लांबून तिला काही वाचता येणार नाही, तरी वर मी आईच लिहिलं.