पोटापायी घेतलेली रात्रपाळी

बुधवार, संध्याकाळ

आज सकाळी पाळी सुटताना सुपरवायझरना सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "साहेब, माझं पोट कधीही बिघडतं. मला दिवसपाळी द्या, आणि संडासला गेलो की मशीनवर बदली माणूस द्या." आवाज कापला का? कापलाच. पण बोललो!

दोन वर्षं हट्टानं रात्रपाळी घेतली, कारण तेव्हा माझ्या फेऱ्या कुणी मोजत नाही. काय अक्कल! दिवसभर पडदे ओढून झोप. परवा दिघीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवला, व्हिटॅमिन डी फारच कमी. म्हणाले, "पोटाच्या या त्रासात बऱ्याचदा कमी सापडतं. त्यात तुम्ही ऊनच बघत नाही."

साहेब हो म्हणाले. कंपनीच्या बसमध्ये आमच्याच मशीन-लाइनवरचा धिप्पाड गणेश शेजारी येऊन बसला. हळूच म्हणाला, "भावा, माझंबी पोट तसंच हाय. उद्या माझ्यासाठीबी बोल ना."

सगळी लाइन ज्याला घाबरते, त्याला माझा कापरा आवाज हवाय.