वारं उठल्यावरचा एक फेरा

लासूर स्टेशन,
गुरुवार, दुपार

प्रिय युसरा आपा,

आधी एवढंच कर, अब्बांना फोन करू नको. ही चिठ्ठी शेवटपर्यंत वाच, मग काय ते ठरव. ओवैसनं होडी घ्यायची, शहरातल्या शौकीन लोकांना धरणावर मासेमारीला न्यायचं, हा जो धंदा त्याच्या डोक्यात बसलाय, त्याचा होकार-नकार अब्बांनी तुझ्यावर सोडलाय हे मला माहीत आहे. आणि तू मला मेसेज केलास की ‘त्या दिवशी तू होतास म्हणून माझा भाऊ घरी आला, आता तू सोबत असशील तर माझी ना नाही.’ तो मेसेज मी कितीदा वाचला असेन, गिनती नाही. फोन केला तर तू हसून ‘बोल रे हिरो’ म्हणशील आणि मी भलतंच काहीतरी बोलून ठेवून देईन. म्हणून कागद. तू जालन्याला पोरांच्या वह्या तपासतेस तशी ही तपासू नको, लाल पेन लांब ठेव. अक्षर वाकडं आहे कारण उजवा हात अजून सुजलेला आहे, ते पुढं येईलच.

तर रविवार. सकाळी सहाला आम्ही बिडकीनच्या पुढं, पाण्याच्या कडेला सरदार चाचांच्या वस्तीवर पोचलो. चाचांनी चहा दिला, होडी दिली आणि दम दिला. म्हणाले, अकराच्या आत काठाला या, मे महिन्याचं वारं एकदा उठलं की हे पाणी कुणाच्या बापाचं ऐकत नाय. होडी फायबरची, मागं पेट्रोलचं छोटं इंजिन, आणि पाण्यात तरंगायचं एकच जाकीट. तेही नारंगीचं पांढरं झालेलं. चाचा त्यावर बूड टेकतात. ते मी अंगात घातलं, कारण सकाळी पाण्यावर गार लागत होतं. बस, एवढंच कारण. कुणी कुणाला विचारलं नाही.

तुला ही पद्धत माहीत नसेल म्हणून सांगतो. होडी अगदी बैलगाडीच्या चालीनं चालवायची, आणि मागं दोन काठ्यांच्या दोऱ्या लांब सोडायच्या. टोकाला प्लास्टिकचा नकली मासा, पोटाला तीन-तीन काट्यांचे गळ. तो पाण्यात असा वळवळत येतो की मलाच खावा वाटला. आमच्या घरी मासा हा शब्दसुद्धा आई उंबऱ्याबाहेर ठेवते, आणि मी इथं त्याच्यामागं फिरतोय. आजोबा पंचांग सांगायचे, बाबा बँकेत, ताई कंपनीत, आणि मी डिप्लोमा दोनदा सोडलेला. असो. कुठं होतो मी? हां, मासे. पहिला लागला तो चालट, सुरीच्या पात्यासारखा चपटा. मग एक मरळ, हातभर, काळीशार. मग दोन चिलापी, एकीला तर गळ तोंडात नव्हे, पाठीत अडकलेला. मग शिंगाळा, मिशावाला, ज्याच्या कल्ल्यामागं काटा असतो. चार जातीचे मासे नऊ वाजायच्या आत. ओवैस इंजिनाशी बसून राजासारखा बोलत होता. म्हणे, बघ मंद्या, गिऱ्हाईक खूश होऊन नाचंल इथं.

दहाला वारं उठलं. आधी पाण्यावर काटा आल्यासारखं झालं, मग लाटा. मी म्हटलं, चल आता. तो म्हणाला, थांब ना भई, वाऱ्यात तर मासा तोंड उघडतो, एकच फेरा. आणि आपा, मला खोटं सांगायचं नाही, मलाही तो फेरा हवाच होता. लगेच अजून एक मरळ लागली, पहिलीपेक्षा मोठी, मग कोण ऐकतंय. तो एक फेरा तीन फेरे झाला. काठ दिसत होता पण वस्तीची घरं दिसेनाशी झाली होती.

मग माझी काठी वाकली. वाकली म्हणजे टोक पाण्यात. ओवैस ओरडला, शिवडा! दहा किलोचा आहे, सोडू नको, सोडलास तर तुझं तोंड बघणार नाय! मी दोन्ही हातांनी धरून बसलो. पण शिवडा हलत नव्हता. हलत होती ती होडी. उन्हाळ्यानं पाणी उतरलेलं, धरणात बुडालेल्या शेतांच्या बांधावरच्या बाभळी अजून उभ्या आहेत तिथं, पाण्याच्या जरा खाली. गळ बाभळीत बसला होता. दोरी इतकी मजबूत की बैल बांधावा. आणि ती माझ्या बाजूनं, मागून ताणलेली. मागून बांधलेल्या होडीवर लाट चढते, आपा. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिली लाट आली ती माझ्या मांडीवर. दुसरी इंजिनावर. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

ती गप्प झालेली वेळ मला अजून ऐकू येते. इथं प्लॅटफॉर्मवर मालगाडी गेली तरी मधे तेच येतं, वारं आणि होडीच्या बुडाला पाण्याचे थपडे. ओवैस एकदम खाली बसला, तळाशी, पाण्यातच. चेहरा पिठासारखा. म्हणाला, मंद्या, मला पोहता येत नाय. मी म्हटलं, काहीही नको बोलू, दौलताबादला तुझ्या नानांच्या विहिरीत तर तू उड्या मारायचास. तर म्हणाला, पाठीला डबा बांधून, यार. तो डबा मी कधी सोडलाच नाय. तुलाही माहीत नसेल हे. पाच वर्षं तो मला धरणाच्या गप्पा सांगतोय आणि पाच वर्षं मी ऐकतोय.

चाकू मासे ठेवलेल्या टोपल्याखाली होता. आता टोपलंही तरंगत होतं. मी हात घातला आणि शिंगाळ्याचा काटा तळव्यात आरपार गेला असं वाटलं. विंचवासारखी कळ खांद्यापर्यंत. पण चाकू सापडला. दोरी कापली. कापल्याबरोबर होडी गर्रकन फिरली आणि आडवी होऊन वाऱ्याबरोबर निघाली, कुठं ते आम्हाला विचारत नव्हती. एका बाजूला कलली की मी डोळे मिटायचो. ओवैस जेवणाच्या डब्यानं पाणी उपसत होता आणि मोठमोठ्यानं कलमा म्हणत होता. मला रामरक्षेच्या दोन ओळींपुढं काही आठवेना. त्याच दोन ओळी, परत परत. किती वेळ गेला सांगता येत नाही. घड्याळात बघितलं तर पाऊण तास, मला वाटलं दिवस. शेवटी खालून खस्स झालं आणि होडी गाळात रुतली. कमरेएवढ्या चिखलातून आम्ही काठाला आलो. सरदार चाचा काठाकाठानं मोटरसायकल पळवत आले होते. त्यांनी ओवैसच्या कानशिलात दिली आणि मग त्यालाच छातीशी धरून रडले. ओवैस त्यांना सगळं सांगत होता, त्याच्या परीनं. ते ऐकून चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली, शाबास पोरा म्हणाले, आणि मोठी मरळ माझ्या पिशवीत घातली. मी घेतली, आपा. मी नको म्हटलं नाही.

मधेच थांबलो होतो. बाकावर शेजारी गीताबाई म्हणून एक बाई आहेत, बाजारातून भुईमुगाच्या शेंगा घेऊन चाललेल्या. त्यांनी ओंजळभर दिल्या आणि विचारलं, कुणाला एवढं मोठं पत्र, बायकोला का? म्हटलं बहिणीला. त्या म्हणाल्या, मग खरं लिही, बहिणी पोट फाडून बघतात. हसलो, पण पेन पुढं सरकेना. मनमाडचं तिकीट खिशात आहे. तिथून पुढं कुठं ते ठरलेलं नाही, तुला माझं माहीत आहे, काही झालं की मी गाडीत बसतो. सोमवारी ओवैसच्या दारापर्यंत गेलो होतो. तुझ्या अम्मीनं शीरखुर्मा दिला, ईद नसताना. खाल्ला आणि परत आलो.

आता ज्यासाठी ही चिठ्ठी ते. दोरी कापल्यावर ओवैसनं हात पुढं केला. म्हणाला, जाकीट दे मंद्या, तुला तर येतं पोहता. त्याचं चुकलं नव्हतं. खाम नदीला पूर आला तेव्हा मी पोहत पलीकडं गेलो, हे मीच त्याला दहादा सांगितलंय. कधी गेलो नाही. मला टाकीत पोहता येतं, जिथं पाय टेकतात तिथं. पण ते त्याला सांगायचं सोडून मी म्हणालो, बकल अडकलंय, निघत नाय. बकल अडकलं नव्हतं. माझा अंगठा त्याच्यावरच होता, दाबला असता तर उघडलं असतं. मी दाबला नाही. त्यानं एकदा बघितलं, आणि म्हणाला, राहू दे मग, ओढू नको, आणि डबा घेऊन पाणी उपसायला लागला. त्या पाऊण तासात होडी उलटली असती तर मी तरंगलो असतो आणि त्याच्याकडं बघत राहिलो असतो. काठावर बाभळीमागं जाऊन मी ते जाकीट एका बोटानं काढलं. आता तो गल्लीभर सांगत फिरतोय की मंद्या स्वतःचं जाकीट मला द्यायला किती धडपडला, आणि तूही तेच ऐकून मला मेसेज केलास. तुम्ही सगळे खरं बोलताय, खोटा मी एकटा. म्हणून माझ्या नावावर होकार देऊ नको. द्यायचा असेल तर त्याला आधी पोहणं शिकू दे, जाकिटं जितकी माणसं तितकी असू दे, आणि सोबत कुणी दुसरा असू दे. मनमाडची गाडी आत्ता पुढ्यातून गेली, मी बसलो नाही. ही चिठ्ठी पेटीत टाकतो आणि जीपनं परत जातो, ओवैसकडं. तुला ही मिळायच्या आत त्याला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. रविवारी जेवढा घाबरलो त्याच्यापेक्षा आत्ता जास्त घाबरलोय. त्यानं मारलं तर मारू दे. पण ‘जाऊ दे यार, तुझ्या जागी मीपण तेच केलं असतं’ असं म्हणाला, तर मी कुठं बघू, ते मला कळत नाय.

तुझाच,
मंदार