गिरावीन मंडळाची पाणीटंचाई

गिरावीन, सिडनी

राजमान्य राजश्री चंद्रहासराव यांस पद्माकरचा दंडवत. (कागदावरच, गुडघा बदलल्यापासून डॉक्टरांनी देवालाही उभ्यानेच नमस्कार करायला सांगितले आहे.) वहिनींची शुगर आणि तुमचा राग, दोन्ही आटोक्यात असतील असे धरून चालतो. तुमची बहीण कुशल आहे. वेस्टमीडच्या लॅबमधून येताना रोज एक नवा घटनात्मक मुद्दा घेऊन येते, तेवढेच.

पत्रास कारण तुम्हीच. अकरा वर्षांपूर्वी इथे मराठी मंडळ काढले, तेव्हा संस्कृतचा माणूस म्हणून घटना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी तुमच्याकडे नमुना मागितला आणि तुम्ही वकिली औदार्याने आपल्या सोसायटीची नियमावली धाडलीत. मी 'सोसायटी' खोडून 'मंडळ' केले, भाषेला थोडे तूप लावले आणि बाकी सारे तसेच ठेवले. (शास्त्रात पाठ बदलणे पाप.) त्यामुळे आमच्या गणेशोत्सवाच्या घटनेत गच्चीवर पापड वाळत घालण्याविषयी चार कलमे आहेत. त्यांचा कुणाला उपद्रव झाला नाही. घात केला तो नवव्या कलमाने : पाणीटंचाईच्या काळात अध्यक्षांना सर्वाधिकार.

सहा वर्षांपूर्वी सिडनीत बागेला पाणी घालण्यावर निर्बंध आले, तेव्हा आमचे अध्यक्ष शैलेंद्र यांनी टंचाई जाहीर करून निवडणूक पुढे ढकलली. पुढे इतका पाऊस झाला की लोकांच्या गाड्या वाहून गेल्या; पण टंचाई संपल्याचे जाहीर करण्याचा अधिकारही अध्यक्षांचाच, आणि त्यांची अजून खात्री पटत नाही. शेवटी तुमच्या बहिणीने, सुनेत्राने, घरोघर फिरून सह्या गोळा केल्या, स्वतःच त्यांच्याविरुद्ध उभी राहिली आणि येत्या रविवारी मतदान ठरले.

मग शनिवारच्या सभेत प्रश्न आला, मतदार कोण? दूर मॉसन लेक्सच्या विद्यापीठात शिकून इकडे नोकरीला आलेली मिताली भाड्याच्या खोलीत राहते. तिने सभासदत्व मागितले. शैलेंद्रांनी चौथे कलम वाचले : घर ज्याच्या नावावर, तोच सभासद.

"बाहेरून आलेल्यांना असं लगेच कसं घ्यायचं?"

"काका, इथे बाहेरून न आलेलं कोण आहे?"

"आम्ही आधी आलो, मिताली."

"नो वरीज. मग पद्माकरकाकांचं घर कुणाच्या नावावर आहे?"

ते सुनेत्राच्या नावावर आहे हे तुम्ही जाणताच. कर्ज तिच्या पगारावर मिळाले. माझ्या संस्कृतच्या शिकवण्या ऐकून बँकेतल्या मुलाने मला फक्त पाणी हवे का विचारले होते. पाणिनीला त्याच्याच सूत्राने अशुद्ध ठरवावे, तसा घटनाकार आपल्याच घटनेने परका ठरला.

दोन्हीकडची मते एकोणीस-एकोणीस आहेत, त्यामुळे माझ्या एका मताला सोन्याचा भाव आला आहे. सुनेत्रा म्हणते, सभासदाच्या नवऱ्याला मत हवेच. नवल म्हणजे शैलेंद्रही तेच म्हणतात. मूळ नियमावली तुमची, म्हणून तुमचा अभिप्राय दोघांनाही मान्य आहे. तरी मला मत आहे, असे चार ओळींत, लेटरहेडवर, शुक्रवारपर्यंत कळवावे. मताविना माणूस म्हणजे नुसता नवरा.

आपला, सध्या कुठलाच नसलेला,
पद्माकर

ता. क. मतदान हात वर करून होते. (हीही तुमच्या सोसायटीची कृपा.) आणि शैलेंद्र माझ्यासाठी का झटतात ते आता सांगतो : मी त्यांना शब्द देऊन बसलो आहे. सुनेत्रा निवडून आली तर प्राणप्रतिष्ठा वीस मिनिटांत, फोनवरच्या मंत्रांनी उरकणार. अकरा वर्षे ती पूजा मी सांगतो, सव्वादोन तास. वर्षातून तेवढाच वेळ इथे माझे संस्कृत कुणी ऐकते. पण तिच्यादेखत शैलेंद्रांसाठी हात वर केला तर पुढे जेवायचे कुठे? तेव्हा वरचे सारे विसरा आणि मला मत नाही, असे ठणकावून लिहा.

ता. क. २. पहिला ता. क. सुनेत्राला कळू देऊ नये.

ता. क. ३. दादा, पत्र स्कॅन करायला यांनी नेहमीसारखं माझ्याकडेच दिलं. यांना मत आहे असंच लिही. पूजा सव्वा तासाची करायला मी तयार आहे. हात कुणासाठी वर जातो ते रविवारी बघते. — सुनेत्रा