पुढच्या दारी पावणं, मागच्या दारी खवा

प्रिय तेजू,

अक्षर ओळखलंस ना? तुझ्या आईचं आहे. बोलणारी मी, लिहिणारी ती. मी 'हाय' म्हटलं की ही 'आहे' लिहिते, 'न्हाय' म्हटलं की 'नाही'. म्हटलं, अगं मीना, नातीला पत्र चाललंय, कलेक्टरला नव्हे. तर म्हणते, लिहायचं तर नीट लिहायचं. लिही बाई. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर आधी तुझा बाप बोलतो, मग आई, आणि माझ्या हातात येईस्तोवर तुझी मीटिंग सुरू होते. शिवाय फोनवर बोललेलं दुसऱ्या दिवशी झटकता येतं, कागदावरचं येत नाही. दुधाच्या गाडीवरच्या आकारामजवळ हे देते, सोबत खव्याचा डबा आहे. डबा परत पाठव. मागचेही तुझ्याकडंच आहेत.

त्या रविवारचं गावात अजून संपलेलं नाही. आमच्या बचत गटाची आक्का तर भेटेल त्याला सांगत सुटलीय आणि दर खेपेला त्यात थोडं वाढवते. कालच्या खेपेला तू पावण्यांना उभं केलं होतंस, पुढच्या खेपेला त्यांना म्हशी धुवायला लावशील. म्हणून म्हटलं, मी बघितलं तसं एकदा कागदावर यावं. मी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. तिथनं पुढचं दारही दिसतं आणि मागचंही. घरात त्या दिवशी सगळं दिसणारी मी एकटीच होते, आणि मलाच कुणी काही विचारलं नाही.

गणपतीच्या तोंडावरचा दिवस. मागच्या अंगणात आक्का आणि गटातल्या बायका खव्याची पातेली घेऊन बसलेल्या. तू कॉलेजात असताना आम्हाला ती साइट काढून दिलीस, तोवर आमचा खवा गारगोटीच्या बाजारापुढं गेला नव्हता. आता कोल्हापुरातल्या बायका बोट दाबून मागवतात. कुणाला किती, कुठल्या गल्लीत, सगळं त्या साइटीत. आणि जिच्याकडं साइट ठेवली होती त्या कंपनीनं नेमकं तेव्हाच दुकान बंद केलं. तू शनिवारी सगळं बांधून नव्या सर्व्हरवर नेलंस. सर्व्हर म्हणजे साइटीचं राहतं घर, एवढं तू मला शिकवलंयस. सामान हललं, आणि रविवारी दार उघडून बघितलं तर पांढरं पान आणि त्यावर पाचशेचा आकडा. आक्काला वाटलं पाचशे ऑर्डरी आल्या. तिनं आणखी दूध चुलीवर चढवायला सांगितलं. तू म्हणालीस, आक्का, हा सर्व्हरच्या दुखण्याचा आकडा आहे. तर ती म्हणाली, आता दूध चढवलंय, उतरवू कुठं.

मग प्रत्येकाचं औषध सुरू झालं. तुझा बाप म्हणाला बंद करून चालू कर. आक्का म्हणाली नजर लागली. नजर मीच काढली, खोटं कशाला बोलू. मीठमोहऱ्या घेऊन तुझ्या लॅपटॉपवरनं ओवाळल्या. तू हसली नाहीस, हात झटकला नाहीस, फक्त म्हणालीस, आज्जी, मोहऱ्या बटणांत पडू देऊ नको. आणि मग तू काय केलंस ते मला फार आवडलं. अंदाज करत बसली नाहीस. सर्व्हरनं आपल्या हातानं आपली तक्रार लिहून ठेवलेली असते, ती उघडून वाचत बसलीस. मला समजावलंस, की त्याला कुठं दुखतंय ते तो लिहितो, फक्त कुणी वाचायच्या आधीच लोक त्याला बडवतात. मला तुझ्या आजोबांची आठवण आली. आम्ही गारगोटीच्या बाजारातनं चंद्री म्हैस आणली होती. नव्या गोठ्यात आली आणि धारच देईना. आजोबा म्हणाले, फसवलं, विकून टाकू. मी तिच्याजवळ बसून राहिले, तेव्हा कळलं, आधीच्या घरी उजव्या अंगानं धार काढत होते आणि आम्ही डावीकडं पाट टाकत होतो. म्हैस तीच, सवय जुन्या घरची. तुझ्या साइटीचंही तसंच निघालं. जुन्या घरच्या नेमांची एक फाइल सोबत आली होती आणि नव्या घराला ते नेम कळत नव्हते. तू ती फेकली नाहीस. नाव बदलून बाजूला ठेवलीस. लागली तर असू दे म्हणालीस. बाई माझी जपून टाकणारी, असं मी आक्काला सांगितलं. आक्काला ते कळलं नाही, पण तिनं मान हलवली.

आणि तेवढ्यात पुढच्या दारी गाडी. गडहिंग्लजचे पावणे. जोतिबाला दर्शनाला आलोय, जाता जाता मुलगी बघून जातो, असा त्यांचा सकाळीच फोन होता आणि तुझ्या बापानं 'या की' म्हटलं होतं. कुणाच्या कपाळावर गुलाल, कुणाच्या कॉलरवर. थोरल्या पावण्यांच्या तर मिश्याच गुलाबी. तुझ्या आईची धांदल काय सांगू. पोहे, पाणी, साडी, पुन्हा पाणी. तू मधल्या खोलीत मांडी घालून, केसांना पेन्सिल खोचून. ती तुला हाक मारायची, तू म्हणायचीस झालंच. मग तुझ्या आईनं त्या नेटच्या डबीची वायर काढली आणि तिथं पंखा लावला. पावण्यांना उकडत होतं म्हणून. ही पेन धरून थांबलीय. लिही मीना, मी काय म्हणतेय, पंख्यासाठीच काढलीस ना? पावण्यांच्या डोक्यावर दुसरा पंखा फिरत होता एवढंच मी म्हणते.

तू उठलीस, वायर परत लावलीस, पंखा उचलून दुसरीकडं नेलास आणि पुन्हा मांडी घालून बसलीस. तेही मी बघितलं.

आता ते पोरगं, अमरसिंह. पुण्यात कॉम्प्युटरचीच नोकरी. आपल्याला काही येतं हे दाखवायची घाई त्या वयाला असतेच. पुढच्या खोलीतनं मान वाकडी करून म्हणाला, पाचशेचा एरर ना, एवढा वेळ कशाला, सगळं पुसायचं आणि नव्यानं बसवायचं. त्याच्या बापानं आमच्याकडं असं बघितलं, जसं काही पोरानं आत्ताच विहीर खणून दिली. तुझा बापही म्हणाला, तेजू, पावणं काय म्हणत्यात ऐक. तू मान वर न करता म्हणालीस, "पुसायला वेळ लागत नाही हो. पण त्यात बायकांच्या ऑर्डरी आहेत. काय चुकलंय ते कळल्याशिवाय मी काही पुसत नाही."

आवाज चढला नव्हता, कुणाला लागेल असंही काही नव्हतं. पण मला उंबऱ्यावर बसल्या जागी ताठ व्हावंसं वाटलं. मागच्या दारात आक्कानं पदर कमरेला खोचला, जशी काही कुस्ती तीच खेळणार होती.

मग तू ते दुसरं चुकलेलं शोधलंस. ऑर्डरींची कोठी नव्या घरात होती, पण साइटीच्या हातात जुन्या घराचा पत्ता आणि जुनी किल्ली. ती बदललीस. तरी तुझ्या स्क्रीनवर पाचशेच. तुझा चेहरा क्षणभर पडला, आणि मग तुला आठवलं, की कधी कधी कॉम्प्युटर आधी बघितलेलंच धरून बसतो. सासूसारखा, असं मी म्हटलं, आणि तुझी आई आत्ता हे लिहिताना पहिल्यांदा हसली. तू तशीच उठून पुढच्या खोलीत गेलीस. पोह्यांचा ट्रे आईच्या हातात राहिला. मुलीनं पावण्यांपुढं पहिल्यांदा तोंड उघडून काय बोलावं याचे आमच्याकडं ठरलेले पाठ आहेत. तू अमरसिंहला म्हणालीस, "तुमच्या मोबाईलवर जरा ही साइट उघडून बघता का? माझ्याकडं जुनंच दिसतंय."

त्यानं उघडली. खव्याचं पान आलं. आक्काच्या फोटोसकट. तो हसला आणि म्हणाला, पुसलं असतं तर वाट लागली असती. हे मी त्याच्या बाजूनं मुद्दाम लिहायला सांगते. त्याच्या आईनं मोबाईल हातात घेतला, इकडं तिकडं बोट फिरवलं आणि मागच्या अंगणात आक्काच्या फोनची घंटी वाजली. ऑर्डर आली होती, गडहिंग्लजच्या पावणीबाईंची. आपली गाडी गडहिंग्लजला जात नाही. म्हणून आक्का खवा घेऊन मागच्या दारानं शिरली, मला ओलांडून गेली आणि पुढच्या दारी नेऊन दिला. तू अजून तशीच, केसांत पेन्सिल. साडी राहिलीच.

एवढं मी मजेत सांगितलं, कारण आता पुढचं सांगायचंय. काल पावण्यांचा फोन आला. मुलगी पसंत आहे. फक्त लग्नानंतर ते कॉम्प्युटरचं बंद करायचं. नोकरी तर सोडायचीच, ही बायकांची साइटसुद्धा दुसऱ्या कुणाला द्यायची. घर मोठं आहे, माणसं मोठी आहेत, गरज काय. हे थोरल्या पावण्यांनी, पोराच्या बापानं, सांगितलं, पोरगं फोनवर नव्हतं. कृष्णातनं येत्या रविवारपर्यंत वेळ मागून घेतलाय. तो वाईट नाही, तुझा बाप आहे, आणि माझा मुलगा आहे, त्यामुळं थोडा खुळा असणारच. तो तुला फोन करील, सगळे भोवती बसतील, आणि तू म्हणशील, तुम्ही म्हणाल तसं. लहानपणापासून बापाचा चेहरा बघितला की तू हेच म्हणतेस. सर्व्हरपुढं जेवढी धीट, तेवढी बापापुढं भित्री.

म्हणून हे पत्र त्या फोनच्या आधी. पोरी, त्यांना तुला पुसून नव्यानं बसवायचंय. ते तू होऊ द्यायचं नाहीस. आणि त्या पोरालाही एकदम पुसू नकोस. तूच त्याला फोन लाव, ही अट त्याची आहे की त्याच्या बापाची, तेवढं विचार. त्याची असली तर सरळ नाही म्हण. कृष्णातला मी बघते. आता हे तुझ्या आईकडूनच का लिहून घेतलं ते सांगते. शेजारची पोर लिहायला तयार होती. पण हे स्थळ सगळ्यांत जास्त मीनाला हवंय, म्हणून हे तिच्याच हातानं कागदावर यायला हवं होतं. मला वाचता येत नाही, पण ओळ सरळ चाललीय की वाकडी, हे नांगराच्या तासासारखं दिसतंच. दहावीत गावात पहिली आली होती ही, आणि या घरात आल्यापासून दुधाच्या मापांपलीकडं हिनं काही लिहिलं नाही. आम्ही लिहू दिलं नाही म्हण. तरी अक्षर बघ कसं राहिलंय. वरचं 'होऊ द्यायचं नाहीस' लिहायच्या आधी तिनं पेन खाली ठेवला होता. मी उठले. चुलीवरचं दूध बघून आले, तोवर तिनं लिहिलं होतं. आता ती खाली स्वतःचं काहीतरी लिहितेय आणि मला वाचून दाखवत नाही. तू वाच, आणि मला सांगू नकोस. मला अंदाज आहे.

तुझीच, उंबऱ्यावरची,
आज्जी

तेजू, वायर पंख्यासाठी काढली नव्हती. पुन्हा काढणार नाही. — आई