पूल मात्र जळाला होता

मंगळवार, ९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

तुला पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. वर्तमानपत्र बंद केलं; त्यात वाचण्यासारखं असतं तरी काय! अक्षर ओळ सोडून चाललंय तिकडे लक्ष देऊ नकोस, टेबलाचा एक पाय आखूड आहे. शाळेतल्या सिस्टरांनी हे पाहिलं असतं तर बोटांवर पट्टी बसली असती.

तू पाठवलेल्या तिकिटांवर शेजारणीला घेऊन तू लिहिलेल्या सिनेमाचा दुसरा भाग पाहून आले. पडद्यावर तुझं नाव आलं तेव्हा तिने मला असं कोपराने ढोसलं की बरगडी अजून दुखतेय. आणि काय रे सुंदर धुकं दाखवलंय ते! समुद्रावर धुकं, बंदरावर धुकं, माणसांच्या तोंडांवरसुद्धा धुकं. बाहेर पडलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि रस्त्यावरच्या दिव्यांना पिसं फुटली होती. मी तशीच तरंगत घरी आले.

पण खरं सांगू ना? लहानपणापासून सांगत आलेय, आता कशाला सोडू.

तुझा खलाशी गुहेत रिकाम्या हाताने शिरतो आणि दुसऱ्या क्षणी त्याच्या हातात पेटता कंदील. आला कुठून? बरं, ती कप्तानाची मुलगी. पहिल्या भागात तिने त्याचं तोंडही न पाहण्याची शपथ घेतली होती. आता तो समोर येऊन नुसता उभा राहतो, चकार शब्द बोलत नाही, आणि ही त्याच्या गळ्यात पडते! अरे, बायका इतक्या स्वस्तात माफ करत नाहीत. आणि तो दोरांचा पूल? पहिल्या भागाच्या शेवटी तूच जाळलास ना? सगळं थिएटर हळहळलं होतं. मग त्याच पुलावरून हा शीळ घालत कसा येतो?

रागावू नकोस. आई असती तर तिनेही हेच विचारलं असतं.

तुझी,
ताई


रविवार, २१ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

तुझा फोन आला त्या दिवशी माझा चहा तसाच निवून गेला.

तू आधी हसलास. म्हणालास, "अगं, गुहेच्या तोंडाशी म्हातारी कंदील देते की त्याला! आणि खलाशाचा चेहरा बघून मुलगी विरघळते." मग त्या बारीक आवाजात, जो मला मुळीच आवडत नाही, म्हणालास, "तुलाच दिसलं नाही ना ताई, म्हणजे मला ते नीट लिहिता आलं नाही. माझ्या हातून गेलं आता. शुक्रवारी निर्मात्यांना कळवून टाकतो, तिसरा भाग दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या एका पत्राने तू लेखणी खाली ठेवणार, आणि मी म्हणते "बरं". म्हणून हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवतेय. शुक्रवारच्या आत ते तुझ्या हाती पडायलाच हवं.

काल मी पुन्हा तुझा सिनेमा पाहायला गेले. शेजारीण मक्याच्या लाह्यांचा पुडा घेऊन सोबत होतीच. धुकं सुरू झालं तशी मी म्हटलं, "किती छान धुकं ना?"

"कसलं धुकं हो? डोळे दिपतील असं ऊन पडलंय की!"

गुहा आली. "दिला बघा कंदील," ती म्हणाली. "हा काय, ढळढळीत पडद्याच्या मधोमध. अहो ताई, तुमचं नेमकं मधलंच कसं हरवतं?" आणि लाह्या चावता चावता तीच थांबली.

पुढे कप्तानाची मुलगी आली तेव्हा मी पडद्याकडे बघितलंच नाही. दाराच्या वर एक लाल बत्ती असते ना, तिच्याकडे बघत राहिले. आणि मग डोळ्याच्या कोपऱ्यातून हळूच तुझा खलाशी आत आला. तो रडत होता. आवाज न करता, हनुवटी घट्ट दाबून, तू लहानपणी रडायचास अगदी तसा. म्हणून माफ केलं होय तिने! मीही केलं असतं.

आता तुला कळलंच असेल. आई आपल्याशी बोलताना आपल्या कानाकडे बघायची, आठवतं? तू चिडायचास, "आई, इकडे बघ ना!" आणि ती म्हणायची, "इकडेच बघतेय रे राजा." सिनेमा पाहून आलो की स्वयंपाकघरात तिला तो सगळाच्या सगळा सांगायचा, हा आपला नेम. ती हात न थांबवता विचारायची, "पण तो तिथे पोचला कसा?" मला उत्तर यायचं नाही. तू मात्र तोंडातला घास गिळायच्या आत एक होडी, एक चोरवाट, एक मुकी म्हातारी असं काहीतरी जोडून द्यायचास. सिनेमात नसलेलं. आईला ते ठाऊक असायचं, असं मला आता वाटतं.

वर्षभर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातेय. मधलं जाईल, कडा राहतील, असं ते म्हणतात. आईसारखंच. तुला सांगितलं नाही, कारण तू सगळं टाकून इथे येऊन बसशील आणि माझ्या हातातली कपबशीसुद्धा काढून घेशील. टेबलाचे चारही पाय सारखे आहेत.

तेव्हा शुक्रवारी काही कळवायचं नाही. भोकं तुझ्या कथेत नाहीत रे, माझ्या डोळ्यांत आहेत. तिसरा भाग तूच लिहायचास. तो पडद्यावर येईल तेव्हा मला किती दिसेल कोण जाणे, म्हणून आधी इथे ये आणि मला सांग. स्वयंपाकघरात बसून. मी विचारेन, "पोचला कसा?" तू जोड, काय जोडायचं ते.

पूल मात्र जळाला होता. तो पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होता, आणि कडेचं मला अजून छान दिसतं. ती चूक तुझीच. येताना तेवढा बांधून आण.

तुझ्या कानाकडे बघून तुझ्याशीच बोलणारी,
ताई